प्रगतिपुस्तकावरचा अंगठा

हडपसर म्हटले की कोणाला गाडीतळावरची वाहनांची कोंडी आठवते, कोणाला भाजीबाजार, कोणाला सोलापूर रस्त्यालगतची जुनी औद्योगिक वसाहत, आणि अलीकडच्या पिढीला मगरपट्ट्यातल्या काचेच्या इमारती. शाळा मात्र सहसा कोणाला आठवत नाही. वास्तविक, ज्या काळात पुण्यातसुद्धा मुलींना शिकवणे हा धर्मबुडवेपणा समजला जात होता, त्या काळात हडपसरला शाळा निघाली होती. १८४८ ते १८५२ या वर्षांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळांची जी यादी चरित्रकार देतात, तिच्यात भिडे वाड्यापाठोपाठ काही महिन्यांतच हडपसरचे नाव येते. आपल्या शेजारचे मुंढवेही त्या यादीत आहे. पुढे जोतीरावांनी जवळच मांजरीला शेती केली, म्हणजे हा परिसर त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आपला शिक्षणाचा अनुभव पुणे आणि भोवतालच्या खेड्यांतला आहे असे सांगितले, आणि मग ती प्रसिद्ध मागणी केली : निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

त्या निवेदनातली एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. जोतीराव केवळ शाळा काढा असे म्हणून थांबले नाहीत. शेतकऱ्याच्या पोराला मोडी, बाळबोध, हिशेब आणि शेतीची माहिती मिळाली पाहिजे, आणि मास्तर प्रशिक्षित असला पाहिजे, हेही त्यांनी मांडले. शेतसाऱ्यावरचा पट्टीचा पैसा कुणबी भरतो, आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांना मिळते, हा त्यांचा आक्षेप होता. थोडक्यात, पैसे कोणाचे, खर्च कोणावर आणि पदरात काय पडले, असा सरळ हिशेब त्यांनी मागितला. तीसेक वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही भाषा लगेच कळते. आणि वाटते, हा हिशेब मागण्याचा हक्क जिचा सर्वांत मोठा, त्या आईच्या हातात आपण आजवर काय दिले?

पालक नावाच्या माणसाकडे आपल्या शिक्षणव्यवस्थेने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या नजरेने पाहिले आहे. सुरुवातीला तो होता कसूरदार. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्यांच्या आधी बडोद्यात सयाजीरावांनी हाच मार्ग धरला होता. इंग्रज सरकारला मात्र तेवढेही जमले नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. त्या दंडामागची तळमळ खरी होती, कारण पोर गुरे राखायला गेले तर शाळा ओस पडणार हे महाराजांना ठाऊक होते. पण त्या नात्यात एक बाजू हुकूम करणारी आणि दुसरी दंड भरणारी होती.

मग पालक झाला दाता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती उभी राहिली लोकांच्या धान्यावर आणि श्रमावर. ज्या घरात शिकलेले कोणी नाही त्या घरातून मूठभर ज्वारी वसतिगृहाला जायची. हडपसरला रयतेचे साधना विद्यालय आहे, आणि इथल्या जुन्या घराण्यांत तिथे शिकलेले निदान एक तरी माणूस सापडतेच. दाता या नात्यात मान होता. तरीही धान्य देणाऱ्याने वर्गात डोकावून ‘माझा पोरगा वाचतो का?’ असे विचारण्याची रीत नव्हती. मास्तर म्हणतील ते प्रमाण.

तिसरा शब्द आला तो अलीकडे, आणि तोही कायद्याने. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या जागा स्त्रियांना हव्यात, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात स्थान हवे. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. बाविसाव्या कलमाने या समितीला शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम दिले. ज्या देशात ग्रामपंचायतीच्या पायरीवर चढायला कित्येकांना पिढ्या लागल्या, त्या देशात धुणीभांडी करणाऱ्या बाईला शाळेच्या कारभारात खुर्ची देणारा हा कायदा आहे. कसूरदार आणि दाता झाला, आता पालक भागीदार झाला.

पण भागीदारी हा शब्द फार सैलपणे वापरू नये. बँकेत भागीदारीचे खाते उघडायला कोणी आले की आम्ही पहिल्यांदा करारनामा मागत असू. भागीदार किती, सही कोणाची चालणार, नफातोटा कसा वाटणार, हे त्यात लिहिलेले असे. आणि एक कलम ठरलेले असे की, धंद्याच्या वह्या प्रत्येक भागीदाराला केव्हाही पाहता आल्या पाहिजेत. ज्याला वही पाहता येत नाही तो भागीदार नव्हे, त्याचे नुसते नाव वापरलेले असते. शाळेच्या भागीदारीत ही वही कोणती? माझ्या मते, मुलाला काय येते आणि काय येत नाही, हीच ती वही.

निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत आठवड्यातून दोन दिवस गोष्टी सांगायला जातो. मुलांचे आईबाप बहुतेक बाहेरून आलेले : सोलापूर, लातूर, बीड, परभणी, काही उत्तरेकडचे. वडील बिगारी, सुतार, रिक्षावाले, सुरक्षारक्षक, आणि आया सोसायट्यांमधून घरकाम करणाऱ्या. सुरुवातीला मी ज्या पालकसभा पाहिल्या त्या बुधवारी सकाळी अकराला भरत. अकरा वाजता रोजावरचा माणूस सभेला आला म्हणजे त्याचा दिवसाचा रोज बुडाला. साहजिकच सभेला सात-आठ बायका, एखादे आजोबा आणि कडेवरची पोरे. विषयपत्रिका वाचली जाई, गणवेश, आधार कार्ड, बँक खाते, स्वच्छता असे विषय होत, रजिस्टरवर सह्या आणि अंगठे घेतले जात, आणि शेवटी ‘घरी मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्या’ असे सांगून सभा संपे.

या वाक्याचा अर्थ नीट पाहा. जिला स्वतःला अक्षर ओळखू येत नाही, जी पहाटे पाचला उठते आणि रात्री दहाला आडवी होते, तिने अभ्यासाकडे लक्ष द्यायचे म्हणजे करायचे काय? ती पोराच्या पाठीत धपाटा घालते आणि ‘पुस्तक घेऊन बस’ म्हणते. तिला एवढेच करता येते. मग वर्ष संपले की आपण म्हणायला मोकळे : काय करणार, पालकांचे सहकार्यच नाही.

एकदा अशाच एक बाई मला रस्त्यात भेटल्या. त्यांची मुलगी तिसरीत, दुसऱ्या एका शाळेत. पिशवीतून प्रगतिपुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. मराठीच्या रकान्यात अ-२ श्रेणी होती आणि खाली पालकाच्या सहीच्या जागी त्यांचाच अंगठा.

‘‘काका, ह्ये अ म्हंजी चांगलंच असतंय न्हवं?’’

‘‘हो, चांगलंच.’’

‘‘मंग हिला सासूच्या गोळ्याच्या चिठ्ठीवरचं वाचता का येईना? सकाळची कंची, रातची कंची, एवढंच इचारलं मी. पोरगी नुसती बघत उभी ऱ्हायली.’’

मी त्या मुलीला जवळच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. अक्षरे एकेक सुटी ओळखत होती, पण त्यांचा शब्द जुळत नव्हता. तिसरीचे वर्ष संपत आले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पासबुकात शिल्लक दिसत होती आणि खात्यात पैसे नव्हते. बँकेत अंगठ्याच्या ग्राहकाला पैसे देताना आम्ही साक्षीदार घेत असू, कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवत असू. या बाईंना मात्र कोणीच काही वाचून दाखवले नव्हते. त्यांनी विश्वासाने अंगठा लावला होता.

कोणी म्हणेल, हे एखादेच उदाहरण असेल. दुर्दैवाने तसे नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात ‘असर’ नावाची पाहणी होते. २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. कोरोनाने शाळा बंद ठेवल्या, आणि २०२२ साली हा आकडा २०.५ वर घसरला. २०२४ साली तो पुन्हा २७.१ झाला. घसरण भरून निघाली याचा आनंद मानायला हरकत नाही, पण चार मुलांमागे जवळजवळ तिघांना वाचता येत नाही, हा त्याच आकड्याचा दुसरा अर्थ. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले ते यासाठीच. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहाव्यात-वाचाव्यात, असे त्याचे उद्दिष्ट.

उद्दिष्ट चांगले आहे. फक्त उद्दिष्टांचा मला थोडा जुना अनुभव आहे. आमच्या बँकांमध्ये मार्चअखेरीस ठेवींचे टार्गेट गाठण्याची जी धावपळ चाले ती आठवून अजूनही हसू येते. एखाद्या मोठ्या खातेदाराला गळ घालायची, ३१ मार्चला ठेव यायची, ताळेबंदात झळकायची आणि एप्रिल उजाडताच परत जायची. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी खोटी सही केली नाही. तरीही तो ताळेबंद खरा नव्हता. शाळेचे उद्दिष्ट फक्त वरच्या कार्यालयाला दाखवायचे असले की तिथेही असेच ३१ मार्च होतात. तपासणीच्या दिवशी तेच चार हुशार विद्यार्थी खडाखडा वाचतात, तक्ते भिंतीवर लागतात, रकाने भरतात. शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. ज्याच्यापुढे हिशेब द्यायचा, त्याच्यासाठी माणूस हिशेब लिहितो. हिशेब आईपुढे द्यायचा ठरला तर तो वेगळा लिहिला जाईल.

मी जातो त्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी नेमके हेच केले. त्यांनी प्रथम सभेची वेळ बदलली : महिन्यातून एक रविवार, संध्याकाळी सात. आणि सभेचा विषय बदलला. आता प्रत्येक मूल आपापल्या आईबापापुढे बसते आणि एक पान मोठ्याने वाचते. ‘असर’च्या पाहणीत वापरतात तसेच साधे पान : आधी अक्षरे, मग शब्द, मग लहानसा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. बाईंनी पालकांना एवढेच सांगितले, ‘‘तुम्हाला वाचता येत नसेल तर काही बिघडत नाही. तुम्ही फक्त ऐका. कुठे अडखळतो, कुठे पाण्यासारखा जातो, ते तुम्हाला कळेल. आणि शेवटी विचारा, गोष्टीत काय झालं?’’

पहिल्या रविवारी मी मागच्या बाकावर बसलो होतो. ज्या बायका आजवर सभेत पदराआड गप्प बसत, त्या कान देऊन ऐकत होत्या. ओवी, भारुड, कीर्तन ऐकून वाढलेला आपला समाज. कानाने तो कधीच अडाणी नव्हता. एका वडिलांनी पोराला मध्येच थांबवून म्हटले, ‘‘तू हे पाठ म्हणतोयस. खालचं वाच बघू.’’ खालचे त्याला वाचता येईना. शाळेत इतक्या वर्षांत आलेल्या कुठल्याही तपासणी अधिकाऱ्याने विचारला नसेल इतका अचूक प्रश्न एका गवंड्याने विचारला होता.

त्यानंतर जे झाले त्यात चमत्कार काही नाही. वर्गातल्या मुलांचे इयत्तेप्रमाणे नव्हे तर वाचनाच्या पायरीप्रमाणे गट केले, रोज तासभर त्या गटांना वेगवेगळे शिकवले, आणि घरी आई भाकऱ्या थापत असताना पोराने तिला पानभर वाचून दाखवायचे असे ठरले. गोळ्यांच्या चिठ्ठीवाली ती मुलगी पुढच्या जूनमध्ये या शाळेत दाखल झाली. दिवाळीपर्यंत शब्दावरून परिच्छेदावर आली. श्रेय एकट्या आईचे नाही आणि एकट्या शाळेचेही नाही. सगळीच मुले इतकी पुढे गेली असेही नाही. दोघेतिघे हंगामात गावी गेले ते परतलेच नाहीत. बांधकाम संपले की कुटुंब हलते, आणि त्याबरोबर मूलही पटावरून जाते. पुण्यात बांधकामांवरच्या मुलांसाठी रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांच्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने शाळाच त्यांच्या दाराशी नेली, ती या कारणाने. १९८८ साली मुंबईत सुरू झालेले हे काम पुढे पुण्यात आले. आमच्या हडपसरचे मनोरे ज्यांनी बांधले, त्यांच्या पोरांना अशा शाळेची गरज पडली हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली, कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय चालवले, पुण्यातून १९८७ पासून ‘पालकनीती’ मासिक निघू लागले. या सगळ्यांनी पालकांशी बरोबरीने बोलण्याचा आग्रह धरला. शासनानेही २०२२ पासून शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांतून मातांचे गट बांधले. पहिलीत येणाऱ्या मुलाच्या आईला छोट्या कृतींची कार्डे दिली जातात : डाळ-तांदूळ निवडताना रंग ओळखायचे, भांडी लावताना मोजायचे. आईला शिकवणी घ्यायला न सांगता तिच्या हातातल्या कामाचाच पाठ करायचा, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते.

आणि पुणे जिल्ह्यातली ती दोन गावे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २०१२ साली दत्तात्रय वारे गुरुजी आले तेव्हा तिथे दोन खोल्या आणि तीसेक मुले होती. गावाने जमीन दिली, वर्गणी दिली, वेळ दिला, आणि काही वर्षांत त्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. पुढे तेच गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. तिथली शाळा बंद पडण्याच्या बेतात होती, पटावर तीन मुले उरली होती. तिथेही गाव उठले. २०२५ साली त्या शाळेला जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार मिळाला. या कथेतला गुरुजी लक्षात राहतो, ते योग्यच. पण गावाने साथ दिली नसती तर तोच गुरुजी त्या दोन खोल्यांत एकटा राहिला असता.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. भागीदारी म्हणजे वर्गणी, असा सोयीस्कर अर्थ लावला जाऊ नये. छत गळते ते दुरुस्त करणे, तीस मुलांमागे एक शिक्षक देणे, स्वच्छतागृहात पाणी असणे ही सरकारची आणि महापालिकेची जबाबदारी आहे. ती गरीब पालकाच्या गळ्यात घालून त्याला भागीदारी म्हणणे ही फसवणूक होईल. दुसऱ्या टोकाला मोठ्या फीच्या शाळांचे पालक आहेत. तिथे पालक ग्राहक होतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांतल्या पालक-शिक्षक संघाला फीच्या बाबतीत अधिकार दिले, आणि बहुतेक भांडणे तेवढ्यापुरतीच होतात. पोहण्याचा तलाव आहे का हे विचारणारे बाप मी पाहिले आहेत. मूल वर्गात प्रश्न विचारते का, हे विचारणारे कमी. बिगाऱ्याला वही दाखवली जात नाही, आणि साहेबाला ती पाहायला वेळ नाही. हडपसरच्या दोन्ही टोकांची मुले यात सारखीच एकटी आहेत.

हा लेख वाचणाऱ्या घरांमधून शाळेत जाणारी मुले-नातवंडे असतील. पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी जरा बाजूला ठेवून एवढे विचारून पाहा : याला जून महिन्यात जे येत नव्हते त्यातले आता काय येते, काय अजून येत नाही, आणि पुढच्या सभेपर्यंत तुम्ही काय करणार, आम्ही काय करायचे? चांगला शिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट सुखावतो. त्याला असा प्रश्न वर्षानुवर्षे कोणी विचारलेला नसतो.

आणि आणखी एक, जे पूर्णपणे आपल्याच हातात आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाई कधीतरी दारात उभ्या राहून म्हणतील, ‘‘ताई, उद्या पोरीच्या शाळेत मीटिंग हाय, उशिरा येऊ का?’’ तेव्हा कपाळाला आठी न घालता, पगार न कापता, त्यांना जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी चहा देताना विचारा, पोरीने काय वाचून दाखवले. त्या सांगतील.